पुष्पिका आणि रकाने

भैंसा हे एका गावाचे नाव. पण ते कोणत्या नावाने शोधायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. नांदेडकडून येणारा मराठी माणूस म्हैसा म्हणतो. उर्दू-हिंदीच्या वळणाचे भैंसा हे रूप सरकारी कागदात स्थिरावले. बसच्या पाटीवर तेच नाव तेलुगू अक्षरांत असते. गाव एकच, हे माणसाला कळते. अक्षराला अक्षर जुळवून पाहणाऱ्या यंत्राला ते सांगावे लागते.

जिल्ह्याचीही तीच गत. निजामी राज्यात आणि पुढे हैदराबाद राज्यातही मुधोळ तालुका नांदेड जिल्ह्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा या तालुक्यातील मुधोळ, भैंसा व कुबेर ही सर्कले आंध्र प्रदेशात गेली आणि आदिलाबाद जिल्ह्याला जोडली गेली. उलट आदिलाबादचे किनवट व राजुरा हे तालुके आणि बोथ तालुक्यातील इस्लापूर सर्कल तेव्हाच्या मुंबई राज्यात आले. २०१४ साली तेलंगणा राज्य झाले, २०१६ साली निर्मल जिल्हा वेगळा निघाला आणि भैंसा त्यात गेले. म्हणजे एकाच घरातल्या तीन पिढ्यांच्या तीन कागदांवर तीन जिल्हे सापडतील आणि तिन्ही खरे असतील. ज्या नोंदीत जिल्हा आहे पण साल नाही, ती नोंद आपल्या भागात माणसाला हमखास चुकीच्या कचेरीत पाठवते.

नोंदीत काय दाखवावे आणि काय दाखवू नये, याचा इतिहास मी येथे मांडणार आहे. त्याला निमित्त आजचे आहे. गेल्या पंचवीसएक वर्षांत संगणकावरची गाणी, पुस्तके, छायाचित्रे एकमेकांना परस्पर देण्याघेण्याचे प्रोग्रॅम निघाले. अशा प्रत्येक प्रोग्रॅमच्या कर्त्यापुढे एक प्रश्न उभा राहिला. फाइल दुसऱ्याच्या संगणकावर आहे, मागणाऱ्याने ती अजून उघडलेली नाही. अशा वेळी तिच्याविषयी पडद्यावर काय काय दाखवायचे? नाव हवेच. आकार? लांबी? ती कोणाकडची आहे ते? कोणत्या भाषेतली आहे ते? रकाने फार झाले तर पाहणारा गोंधळतो, कमी झाले तर फसतो. हा प्रश्न तरुण अभियंत्यांचा आहे, आपला नाही, असे वाटण्याचा संभव आहे. पण तो आपलाच आहे आणि फार जुना आहे.

पोथीचे शेवटचे पान

छापखाना येण्यापूर्वी ग्रंथ हातोहात पसरत. एकाची पोथी दुसरा मागून आणी, उतरवून घेई आणि मूळ परत करी. त्या देवघेवीत पोथीची ओळख पटवण्याचे काम तिच्या शेवटच्या पानावरच्या मजकुराकडे असे. त्याला पुष्पिका म्हणतात. तीत ग्रंथाचे नाव, शक, संवत्सर, महिना, तिथी, वार, लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि पुष्कळदा ज्याच्यासाठी लिहिली त्याचेही नाव येते. जसे समोर होते तसे लिहिले, शुद्धाशुद्धाचा दोष माझ्याकडे लावू नये, असेही लेखक ठरलेल्या शब्दांत सांगून ठेवतो. म्हणजे काय, कोणी, केव्हा, कोठे, कोणासाठी, आणि नक्कल कितपत विश्वासाची, या सहा प्रश्नांची उत्तरे एका पानात मिळतात. ज्याला पोथी हवी आहे त्याने शेवटचे पान उलटून पाहावे आणि मग ठरवावे, अशी ही सोय होती.

पण पुष्पिका एका गोष्टीला पुरी पडत नव्हती. नकलेवरून नक्कल, तिच्यावरून आणखी नक्कल होत गेली की मजकूर बिघडतो, आणि हा बिघाड पुष्पिकेत दिसत नाही. गोदाकाठच्या पैठणास एकनाथांना ज्ञानेश्वरीच्या बाबतीत हाच अनुभव आला. निरनिराळ्या प्रतींत पाठ बिघडलेले, पदरच्या ओव्या घुसडलेल्या. त्यांनी प्रती ताडून शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ मध्ये, शुद्ध पाठ सिद्ध केला आणि यात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावून ठेवले. नावाने एक असलेल्या दोन प्रती आतून एक असतीलच असे नाही, हे सूत्र त्या घटनेतून आपल्याला मिळते. ते पुढे कामास येणार आहे.

दुसरे उदाहरण महानुभावांचे. त्यांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. पोथी हाती आली तरी बाहेरच्यास ती वाचता येऊ नये, हा त्यात हेतू होता. विसाव्या शतकाच्या आरंभी ही लिपी उलगडली आणि मराठीचे आद्य गद्य सर्वांना खुले झाले. झाकण्याने पंथाचे धन सुरक्षित राहिले हे खरे, आणि झाकण्यामुळेच मराठी वाचकाला लीळाचरित्रासारखा ग्रंथ शतकानुशतके दिसला नाही हेही तितकेच खरे. काय दाखवायचे याचा निर्णय कधीच निव्वळ सोयीचा नसतो. त्यात कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे हेही ठरत असते.

कायद्याने ठरवलेले रकाने

छापील पुस्तकांची नोंद काय असावी हे ब्रिटिश सरकारने १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने ठरवले. प्रत्येक प्रांतात छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारात द्यायची आणि सरकारने त्याची नोंद करायची. कायद्याने नोंदीच्या बाबी मोजून दिल्या होत्या. ग्रंथाचे नाव आणि त्याचे इंग्रजी भाषांतर, भाषा, ग्रंथकर्ता वा भाषांतरकार वा संपादक, विषय, छापण्याचे व प्रकाशनाचे ठिकाण, मुद्रक व प्रकाशक, तारीख, पाने, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, छपाई खिळ्यांची की शिळाप्रेसची, किंमत, आणि हक्क ज्याचे आहेत त्याचे नाव व राहण्याचे ठिकाण.

या यादीत भाषेचा रकाना नावाच्या लगेच पाठोपाठ येतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. १८५७ नंतर दहा वर्षांनी केलेला हा कायदा, त्यामागे पाळत ठेवण्याची दृष्टी होती. पण ज्या सत्तेला अनेक भाषांच्या मुलखावर राज्य करायचे आहे तिला भाषेचा रकाना टाळता येत नाही, एवढे व्यवहारज्ञान त्यात होते. त्या नोंदींतून त्रैमासिक याद्या छापल्या गेल्या आणि आज आपल्याला एकोणिसाव्या शतकातील किती तरी पुस्तके त्या याद्यांमुळेच ठाऊक आहेत.

हा कायदा ब्रिटिश मुलखाचा. भैंसा, मुधोळ, नांदेड हा सगळा भाग निजामाच्या राज्यात होता. येथले दफ्तर आधी फारसीत आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून उर्दूत चाले. घरातला हिशेब मोडीत, पोथी बाळबोधीत, बाजारातले बोलणे मराठी-तेलुगूत. तारखांना फसली सन. फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आजोबांच्या कागदावरचा १३५० हा आकडा पाहून कागद बहामनी काळचा वाटायचा! तो असतो १९४० सालचा. कागद खोटा नसतो. सनाचे नाव त्यावर नसते, किंवा असते ते वाचता येत नाही.

मराठीपुरती या कामाची परिसीमा शंकर गणेश दाते यांनी गाठली. १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची त्यांची ‘मराठी ग्रंथसूची’ आणि १९३८ ते १९५० या काळाचा तिचा दुसरा भाग ही एका माणसाने वाहिलेली कावड आहे. त्यांनी ग्रंथ नुसते अकारविल्हे लावले नाहीत, दशांश पद्धतीने विषयवार लावले. कारण सूची पाहायला येणाऱ्या पुष्कळांना ग्रंथाचे नाव ठाऊक नसते, हवा असतो विषय. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रे सांगितली. त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा, असे आहे. नोंदीतला प्रत्येक रकाना या सूत्रावर घासून पाहावा. तो पाहून मागणाऱ्याचा एक निरर्थक हेलपाटा वाचतो का? वाचत असेल तर रकाना ठेवावा, नाही तर काढावा.

आठ अक्षरांत ज्ञानेश

संगणक आला तेव्हा ही सगळी पुण्याई बाजूला राहिली आणि नोंद पुन्हा पहिल्या इयत्तेत जाऊन बसली. डॉसच्या काळात फाइलीच्या नावाला आठ अक्षरे आणि प्रकार सांगायला तीन अक्षरे मिळत, तीही रोमन. ज्ञानेश्वरी हे नाव रोमन लिपीत बारा अक्षरांचे होते. आठांत कापले की उरतो नुसता ज्ञानेश. विंडोज ९५ ने लांब नावांची सोय केली, पण नागरीचा प्रश्न राहिलाच. निरनिराळ्या कंपन्यांचे मराठी फाँट निरनिराळे संकेत वापरत. एका संगणकावर लिहिलेले दुसऱ्यावर नेले की चिनी-जपानी वाटावे असे काही दिसे. त्यामुळे मराठी माणसाने फाइलीला नाव द्यायचे ते रोमन अक्षरांतच, आणि तेही प्रत्येकाने आपापल्या मनाच्या वर्णलेखनाने.

गाण्यांच्या एमपीथ्री फाइलींसाठी १९९६ साली एरिक केम्प यांनी आयडीथ्री नावाची एक चिठ्ठी काढली. फाइलीच्या शेवटी ती चिकटवायची. ही जणू पोथीची पुष्पिकाच, आणि तीही शेवटच्या पानावर! चिठ्ठी १२८ बाइटांची. त्यात ओळख म्हणून तीन, गाण्याच्या नावाला तीस, गायकाला तीस, संग्रहाला तीस, सालाला चार, शेऱ्याला तीस, आणि गाण्याच्या प्रकाराला एक. प्रकार आधीच ठरवून दिलेले, ऐंशी. ब्लूज, जॅझ, डिस्को, पोल्का असे सगळे त्यात होते. अभंग, ओवी, लावणी, भजन, पोवाडा यांतले काहीही नव्हते. आपल्या सगळ्या गाण्यांना मिळून त्या यादीत एकच खोली होती, एथ्निक. भाषेचा रकाना नव्हता. १९६७ मध्ये किंवा १८६७ मध्ये ज्याशिवाय चालत नव्हते, ते १९९६ मध्ये कोणाला आठवले नाही; कारण चिठ्ठी करणाऱ्याच्या भोवतालची गाणी बहुतेक एकाच भाषेतली होती. १९९८ च्या नव्या आवृत्तीत भाषेची सोय झाली, पण ती भरण्याची सवय लागायची राहून गेली.

पुढे युनिकोड रुळले. त्याच्या प्रचलित युटीएफ-८ पद्धतीत नागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. काना, मात्रा आणि पाय मोडण्याची खूणही वेगळी मोजली जाते. ज्ञानेश्वरी या शब्दात अशी अकरा चिन्हे होतात, म्हणजे तेहतीस बाइट. जागा तीसची. शेवटची दीर्घ वेलांटी गळून पडते आणि उरतो ज्ञानेश्वर. ग्रंथाचा ग्रंथकर्ता झाला, आणि यंत्राच्या दृष्टीने काहीही बिघडले नाही! रकाना असणे पुरेसे नाही, त्यात आपली भाषा मावली पाहिजे, हे यावरून समजावे.

नॅपस्टरची खिडकी

जून १९९९ मध्ये अमेरिकेत शॉन फॅनिंग या तरुणाने नॅपस्टर सुरू केले. गाणी सभासदांच्या संगणकांवरच राहत. नॅपस्टरच्या मध्यवर्ती यंत्रावर फक्त कोणाकडे काय आहे याची सूची असे. म्हणजे हे गाण्यांचे दुकान नव्हते, दात्यांची सूची होती असे म्हणायला हरकत नाही. शोध घेतला की खिडकीत रकाने उघडत. फाइलीचे नाव, आकार, बिटरेट, फ्रीक्वेन्सी, गाण्याची लांबी, देणाऱ्याचे सभासदनाव, त्याच्या जोडणीचा प्रकार, आणि त्याच्यापर्यंत पोचायला लागणारा वेळ.

या रकान्यांची निवड विचारपूर्वक होती. त्या काळी घरोघर टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट. चार मिनिटांचे गाणे १२८ बिटरेटने साठवले की सुमारे चार मेगाबाइट होते आणि ते उतरायला दहा-पंधरा मिनिटे सहज लागत. म्हणून आकार आधी कळायला हवा. बिटरेटवरून आवाजाचा कस कळे. आकार, लांबी आणि बिटरेट हे तिघे एकमेकांचे साक्षीदार. दोघांवरून तिसरा काढता येतो आणि हिशेब जुळला नाही तर गाणे मध्येच तुटलेले आहे असे समजावे. देणाऱ्याची जोडणी मंद असेल तर त्याच्या दारात उभे राहण्यात अर्थ नाही. सगळे रकाने एकाच प्रश्नाचे उत्तर देत होते: माझा वेळ फुकट जाईल का? रंगनाथनांचे चौथे सूत्र नकळत पाळले गेले होते.

पण गाणे काय आहे, कोणी केव्हा कोठे म्हटले, हे सांगायला नावाशिवाय काही नव्हते, आणि नाव ज्याने त्याने ठेवलेले. मार्च २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशावरून नॅपस्टरला हक्क असलेली गाणी नावावरून अडवावी लागली. लगेच सभासदांनी गायकांची नावे उलटसुलट अक्षरांनी लिहायला सुरुवात केली. नाव बदलले, गाणे तेच. त्या वर्षीच्या जुलैत नॅपस्टर बंद पडले.

सभासदनावाच्या रकान्याची कथा वेगळीच आहे. कोणाकडचे गाणे चांगले निघते हे कळावे म्हणून तो होता. त्याच्यावरून एकाच्या आवडीची आणखी गाणी पाहता येत, ओळखी होत. मे २००० मध्ये मेटॅलिका या वाद्यवृंदाने आपली गाणी वाटणाऱ्या तीन लाखांहून अधिक सभासदांची नावे काढून नॅपस्टरच्या पुढ्यात ठेवली. विश्वासासाठी ठेवलेला रकाना आरोपपत्र झाला. देणाऱ्याचे नाव दाखवावे की नाही, याचे सरळ उत्तर तेव्हापासून कोणालाच देता आलेले नाही.

झाकलेले आणि उघडे

काय दाखवले नाही म्हणून काय झाले, याची दोन उदाहरणे देतो.

पहिले मे २००० चे. फिलिपाइन्समधून निघालेला एक संगणकीय विषाणू प्रेमपत्राच्या रूपाने जगभर पसरला. पत्रासोबतच्या फाइलीच्या नावात आधी मजकुराच्या फाइलीची खूण होती आणि सगळ्यांत शेवटी आज्ञावलीची. विंडोजमध्ये ही शेवटची तीन अक्षरे न दाखवण्याची पद्धत मुळातच घालून दिलेली होती. सामान्य माणसाला त्यांची अडचण नको म्हणून. त्यामुळे लोकांना पत्र दिसले आणि त्यांनी ते उघडले. संगणकाला मात्र आज्ञा मिळाली. गैरसोय म्हणून झाकलेली तीन अक्षरे तेवढी खरी होती.

दुसरे काझा या प्रोग्रॅमचे. नॅपस्टरनंतर तो फार चालला. नॅथॅनिएल गुड आणि आरन क्रेकेलबर्ग या दोघांनी त्याचा अभ्यास करून २००३ साली प्रसिद्ध केला. आपल्या संगणकावरचे काय काय जगाला खुले आहे ते सांगा, असे त्यांनी बारा जणांना विचारले. बरोबर उत्तर दोघांनाच देता आले. दुसऱ्याच्या फाइलीचे बारीकसारीक तपशील दाखवणारा प्रोग्रॅम आपल्याच घराचे कोणते दार उघडे आहे हे मात्र नीट दाखवत नव्हता. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत मोठा धडा वाटतो. रकाने ठरवताना घेणाऱ्याचा विचार सगळे करतात, देणाऱ्याचा कोणी करत नाही.

काझाच्या बाबतीत एकनाथांची आठवणही अटळ आहे. एकाच फाइलीच्या प्रती ओळखण्यासाठी प्रोग्रॅम फाइलीवरून गणिताने एक आकडा काढतात. त्याला हॅश म्हणतात. आपण फाइलीचा अंगठा म्हणू. काझाने वेग साधण्यासाठी सगळी फाइल न मोजता तिचे ठरावीक भागच मोजले. न मोजलेल्या भागात कोणीही काहीही घुसडावे आणि अंगठा तोच राहावा, असे झाले. पदरच्या ओव्या पुन्हा ग्रंथात शिरल्या! २००१ साली ब्रॅम कोहेन यांनी काढलेल्या बिटटोरंटने हे टाळले. त्यात फाइलीच्या प्रत्येक तुकड्याचा अंगठा आधी लिहून ठेवतात आणि तुकडा आला की ताडून पाहतात. न जुळणारा तुकडा टाकून देतात. पण अंगठा एवढेच सांगतो की नक्कल मुळाबरहुकूम आहे. मूळच शुद्ध आहे का, हे यंत्र सांगू शकत नाही. त्यासाठी प्रती ताडणारा जाणकारच लागतो.

रकाना गेला की माणूस जातो

हे सारे परदेशातल्या गाण्यांचे झाले, असे म्हणून सोडता येणार नाही. तेलंगणातल्या शेतकऱ्याला रकान्याची किंमत वेगळी सांगायला नको. आपल्या पहाणीपत्रकात जमीन कोणाच्या नावावर आहे याबरोबरच ती प्रत्यक्ष कोण कसतो, त्या अनुभवदाराचाही रकाना असे. ऑक्टोबर २०२० मध्ये धरणी हे संगणकीय दफ्तर सुरू झाले. त्यात हा रकाना राहिला नाही, आणि त्यावरून कूळ म्हणून कसणाऱ्यांचे काय, हा वाद पुढे बरीच वर्षे चालला. २०२५ मध्ये धरणीच्या जागी भू भारती आली. पडद्यावरून एक रकाना कमी करणे म्हणजे पडदा सुटसुटीत करणे, असे करणाऱ्याला वाटते. ज्याचे नाव त्या रकान्यात होते त्याला ते तसे वाटत नाही.

आपल्या भाषेची अवस्था सध्या या अनुभवदारासारखी आहे. ती बोलतो, वापरतो आपण. नोंदीत तिचा रकाना नाही.

आज सीमाभागातल्या मराठी घरांत देवघेव चालते ती फोनवर. आजीने म्हटलेली जात्यावरची ओवी, हरिनाम सप्ताहातले कीर्तन, जुन्या लग्नपत्रिकेचे छायाचित्र, सातबाऱ्याची किंवा पहाणीची नक्कल. व्हॉट्सअ‍ॅपवरून छायाचित्र पाठवले की त्याचे मूळ नाव जाते आणि तारीख व अनुक्रमांक यांचे नवे नाव लागते. छायाचित्र केव्हा कोठे काढले ही आत दडलेली माहितीही गळते. ठिकाण गळते हे एका परीने बरेच, घराचा पत्ता गावभर फिरत नाही. पण आजीची ओवी तारीख आणि आकडा एवढ्याच नावाने दहा फोनांत जाऊन बसते. नावाशिवायची नोंद म्हणजे गर्दीत हरवलेले मूल; ते रडते आहे, पण कोणाचे ते सांगता येत नाही. पाच वर्षांनी आजी राहत नाही आणि कोणत्या आकड्यात तिचा आवाज आहे हे कोणी सांगू शकत नाही.

हे कसे करावे याचा एक उत्तम नमुना मराठीतच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. संख्या एक लाखाहून अधिक. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या क्रमाक्रमाने लोकांपुढे आणल्या. तेथे ओव्यांसोबत गायिकेचे नाव, गाव, तालुका, जिल्हा, जात, वय, मुले, व्यवसाय आणि ध्वनिमुद्रणाची तारीख दिलेली असते. जिला आयुष्यभर कोणी गायिका म्हटले नाही, तिचे नाव गायिकेच्या रकान्यात आले. १८६७ च्या कायद्याला ग्रंथकर्ता लागत होता आणि ओवीला ग्रंथकर्ता नसतो, म्हणून बायकांचे हे सारे वाङ्मय त्या याद्यांच्या बाहेर राहिले. एका रकान्याने ते आत आणले.

त्या नमुन्यावरून आपल्या भागापुरते काही सुचवतो. घरातली ध्वनिफीत वा छायाचित्र दुसऱ्याला देण्यापूर्वी फाइलीच्या नावातच थोडे लिहावे. ओवीला वेगळे नाव नसते, म्हणून तिची पहिली ओळ हेच तिचे नाव समजावे. पुढे म्हणणारीचे नाव, गाव आणि साल. गावाच्या बाबतीत सीमाभागात एक अडचण आहे. बाई जन्मली कंधारला, नांदली भैंशाला. ओवी माहेरची की सासरची? दोन्ही गावे लिहावीत. जिल्हा लिहायचा तर त्या सालचा लिहावा. भाषा लिहावी, आणि ती मराठी-तेलुगू मिसळलेली असेल तर तसेच लिहावे, लाजू नये. मिसळलेली ओवी हीच या मुलखाची खरी कमाई आहे.

आणि नाव दोन लिप्यांत लिहावे, नागरीत आणि तेलुगूत. हे सुचवताना काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल याची मला कल्पना आहे. पण तेलुगू माध्यमात शिकलेल्या नातवंडांना तेलुगू अक्षरे आधी येतात हे वास्तव आहे. तेलुगू लिपी मराठीला परकीही नाही. चमचा आणि चंद्र यांतले दोन वेगळे च आपण नागरीत एकाच अक्षराने लिहितो. जुन्या तेलुगू लेखनात त्या दुसऱ्या च साठी आणि ज साठी स्वतंत्र अक्षरे आहेत. आजीचा च नातवाला तेलुगू अक्षरांतून अधिक अचूक उच्चारता येईल! लिपी हे भाषेकडे जाण्याचे दार आहे. दोन दारे असलेल्या घरात माणूस लवकर पोचतो.

काय दाखवू नये, हेही सांगितले पाहिजे. फोनक्रमांक, घराचा पत्ता, जमिनीचे गट, मुलांची नावे ही देवघेवीच्या नोंदीत नकोत. म्हणणारीला आधी विचारावे, ही तुमची ओवी कोणाकोणाला दिली तर चालेल? नाव लावू का? तिने नको म्हटले तर गाव आणि साल पुरे. नॅपस्टरच्या सभासदांना हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. शेजारच्या काकूंना तो विचारायला आपल्याला काही अवघड नाही.

पोथी उतरवणाऱ्याने पुष्पिका लिहिली ती स्वतःसाठी नव्हे. त्याला तर सगळे ठाऊकच होते. ज्याला त्याने कधी पाहिले नव्हते, जो कदाचित दोनशे वर्षांनी ते पान उलटणार होता, त्याच्यासाठी ती होती. आपल्या नातवाच्या मुलाला मराठी कितपत येईल हे आज कोणी सांगू शकणार नाही. पण त्याच्या हाती पडलेला आवाज कोणाचा, कोणत्या गावचा, कोणत्या भाषेतला, एवढे त्याला कळले तर तो ती भाषा विचारत पुढच्या दारी जाईल. तेवढे लिहून ठेवण्याची पाळी आता आपली आहे.